कोऱ्या पाठीचे कार्ड

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला चपला ठेवायचे कपाट समजतो. त्यात त्याचा काही दोष नाही. सध्या मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी, येण्याजाण्याच्या वाटेवर उभे आहे. माझ्या डोक्यावर लोक पाण्याचे पेले ठेवतात, हेल्मेट ठेवतात, आणि एकदा तर कोणी ओली छत्री ठेवून गेले होते. पण मी चपलांचे नाही. मी बारा खणांचे जुने सागवानी कपाट आहे आणि माझ्या पोटात अख्खे वर्ष आहे.

जानेवारीचा खण डावीकडे सगळ्यात वर आणि डिसेंबरचा उजवीकडे सगळ्यात खाली. प्रत्येक खणात त्या महिन्याच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेमागे कार्डांची चवड. त्या दिवशी जगात काय घडले ते त्या कार्डांवर लिहिलेले आहे. चार ऑक्टोबर काढा, माणसाने आकाशात सोडलेला पहिला कृत्रिम उपग्रह सापडेल. आठ नोव्हेंबरला क्ष-किरण सापडतील. दहा मार्चला टेलिफोनवरून बोललेले पहिले वाक्य आहे. रोज सकाळी वर्तमानपत्राच्या दुसऱ्या पानावर 'दिनविशेष' नावाच्या चौकटीत ज्या चार ओळी छापून येत, त्या माझ्या पोटातून जात असत.

मला घडवणारा सुतार अबोल माणूस होता. त्याने आधी एक कोरे कार्ड मागून घेतले, दोन दिवस खिशात बाळगले, आणि मगच लाकडाला हात लावला. प्रत्येक खणात त्याने पितळेची एक बारीक सळई बसवली. कार्डांना खालच्या बाजूला भोक असे आणि ती या सळईत ओवलेली असत. सळईची चकती फिरवून ती बाहेर काढल्याशिवाय एकही कार्ड हाती लागत नसे. काम संपल्यावर त्याने माझे सगळे खण एकदा ओढून पाहिले आणि म्हणाला, "जूनचा जरा घट्ट आहे. राहू दे." जूनचा खण अजून घट्टच आहे.

मला मागवले होते ते थोरल्या ग्रंथपालांनी. संदर्भविभाग नावाची ती लांबट खोली त्यांची होती, आणि तिथे नियमही त्यांचाच चाले. कार्डाच्या पुढच्या बाजूला घटना लिहायची. मागच्या बाजूला आधार, म्हणजे ही गोष्ट कोणत्या ग्रंथात, कितव्या पानावर वाचली ते. ज्या कार्डाची पाठ कोरी, ते खणात जायचे नाही.

"आपल्याला फोन करणारा माणूस कुठेतरी पैज लावून बसलेला असतो," ते म्हणत. "तो पैजेचा भार आपल्यावर टाकतो. आपण कोणावर टाकायचा? पुस्तकावर. आपल्या मनावर नाही."

आणि खरेच, फोन फार येत. शाळेतल्या बाईंना भाषण लिहायचे असे, दोन मेहुण्यांमध्ये जेवताना वाद झालेला असे, एखाद्या डॉक्टरांना दवाखान्याच्या भिंतीवर काही लिहायचे असे. माझा एक खण सर्रकन उघडे, एक कार्ड वाचले जाई, आणि पलीकडचा माणूस समाधानाने फोन ठेवी. मित्रांनो, ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. कचेरीत पाहुणे आले की संपादक त्यांना आधी छापखाना दाखवत आणि मग मला.

मी काम करू लागले त्याच्या सातव्या वर्षी तारीखताई आल्या. तेव्हा त्यांना कोणी तारीखताई म्हणत नव्हते. त्या बावीस वर्षांच्या, सडपातळ, हळू बोलणाऱ्या होत्या. अक्षर मात्र असे, की थोरल्या ग्रंथपालांनी पहिले कार्ड पाहिले आणि स्वतःचे पेन टोपण लावून ठेवून दिले. त्यानंतर माझ्यातली बहुतेक कार्डे त्यांनीच लिहिली. वर्षभरात त्यांना इतक्या तारखा तोंडपाठ झाल्या, की छापखान्यातल्या लोकांनी हे नाव पाडले आणि ते कायमचे चिकटले.

तारीखताईंचे वडील घड्याळजी होते. त्या लहान असतानाच ते गेले. पुढे त्यांच्या आईने दुकान चालवले. डोळ्याला भिंग लावून ती माउली दिवसभर घड्याळे उघडत बसे. पण गिऱ्हाइकाने "कोणी दुरुस्त केलं?" असे विचारले, की ती म्हणे, "दुकानाने." बाईने दुरुस्त केले म्हटले तर लोक घड्याळ परत उघडून बघायला सांगत. हे सगळे तारीखताई कार्डे लिहिता लिहिता थोरल्या ग्रंथपालांना सांगत, आणि मीही ते ऐकत असे.

आता मी तुम्हाला त्या दिवसाबद्दल सांगते, ज्याच्यामुळे हे सारे सांगायला बसले आहे.

ऑक्टोबरची अठरा तारीख होती. दुसऱ्या दिवशीच्या चौकटीसाठी चार नोंदी वर पाठवायच्या होत्या. तारीखताईंनी त्या तयार ठेवल्या होत्या. पाच वाजता थोरले ग्रंथपाल घरी निघताना सहज थांबले, चौथे कार्ड हातात घेतले, भिंतीवरच्या फळीवरचा एक जाड ग्रंथ काढला, पाहिले, आणि म्हणाले, "ही घटना एकोणिसाव्या तारखेची नाही, एकोणतिसाव्या तारखेची आहे. हे काढ. दुसरं शोध." ते गेले. पान छपाईसाठी सहा वाजता बंद होणार होते.

तारीखताईंनी ग्रंथ उपसले. एकोणीस ऑक्टोबरला लागू पडेल असे काही मिळेना. साडेपाचला वरून पान लावणाऱ्यांचा फोन आला. पावणेसहाला पुन्हा आला. "चौकटीत भोक पडलंय, ताई," ते म्हणाले. "तीनच नोंदी छापू का? उद्या संपादक मला विचारतील, मी तुमचं नाव सांगेन."

त्यांनी फोन ठेवला. एक कोरे कार्ड पुढे ओढले. मग त्यांनी त्यांच्या त्या सुंदर अक्षरात लिहिले : 'एकोणीस ऑक्टोबर, १८६४. हवेचा दाब उतरताच आपोआप वाजणारी वादळसूचक घंटा एका घड्याळजीच्या विधवेने तयार करून बंदरावर बसवली.'

असे काही कधी घडले नव्हते. अशी घंटा नव्हती, अशी विधवाही नव्हती. जी होती ती चार गल्ल्या पलीकडे भिंग लावून बसली होती.

त्यांनी कार्ड उलटे केले. मागे एखाद्या ग्रंथाचे नाव ठोकून देणे अवघड नव्हते. पेन टेकवले, उचलले, पुन्हा टेकवले. शेवटी पाठ कोरी ठेवली. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी त्या दिवसाचा पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी खोटे लिहिले, पण त्या खोट्याला खोटा आधार द्यायला त्यांचा हात धजावला नाही. यातले कोणते जास्त मोजायचे ते मला अजून ठरवता आलेले नाही.

दोन दिवसांनी थोरल्या ग्रंथपालांनी ते कार्ड पाहिले. "मागे काही नाही?"

"उद्या लिहिते," तारीखताई म्हणाल्या.

"बरं," ते म्हणाले. त्यांना शंकाच आली नसेल, कारण तोपर्यंत त्या विभागात कोणी मनाने काही लिहिले नव्हते. तीन महिन्यांनी ते निवृत्त झाले.

तारीखताईंनी ती चूक दुसऱ्याच दिवशी सुधारायची ठरवली असावी, असे मला वाटते. पण नोंद छापून आली त्याच दिवशी, एकोणीस तारखेलाच, दुपारी आई कचेरीत आली. ती पूर्वी कधी आली नव्हती. धुतलेले पातळ नेसून, वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन ती दारात उभी होती.

"मला ते कार्ड बघायचंय," ती म्हणाली.

तारीखताईंनी खण ओढला. आईने पिशवीतून भिंग काढले, डोळ्याला लावले आणि एखादे घड्याळ तपासावे तसे ते कार्ड वाचले. फक्त पुढची बाजू वाचली.

"बघ की," ती म्हणाली. "आणि आम्ही समजत होतो की आम्हीच पहिल्या." मग जरा थांबून तिने विचारले, "नाव नाही दिलं गं तिचं?"

"मिळालं नाही, आई."

"मिळेल तेव्हा सांग मला."

त्या दिवसापासून तिने दुकानात एक पाटी लावली, दुरुस्ती करणार म्हणून स्वतःचे नाव लिहून. आणि त्या दिवसापासून तारीखताईंची सुटायची वाट बंद झाली. पुढे आई अधूनमधून फोन करी. बाकीचे बोलून झाले की विचारी, "त्या बाईचं नाव मिळालं का?" तारीखताई म्हणत, "शोधतेय." फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ काही लिहीत नसत.

दरम्यान ते कार्ड माझ्या पोटात गप्प पडून होते, पण त्यावरची ओळ मात्र गावोगाव हिंडत होती. आमच्या वर्तमानपत्राची दिनविशेषाची पुस्तिका दरवर्षी निघे, तीत ती गेली. पुस्तिकेतून शाळेच्या पुस्तकात गेली. विज्ञान प्रदर्शनात मुले त्या घंटेच्या प्रतिकृती करू लागली, आणि त्यातल्या काही वाजतही. कोणी त्या विधवेवर नाटुकले लिहिले. कोणी तिला पाच मुले दिली, कोणी तिचा नवरा समुद्रात बुडवला. दर ऑक्टोबरात तिच्याबद्दल काहीतरी नवे कळे. एकोणीस तारखेला तारीखताई न चुकता रजा घेत. कचेरीला वाटे, घरात काही कार्य असते.

अकरा वर्षांपूर्वी आई गेली. मला वाटले, आता तारीखताई बोलतील. पण तोवर गोष्ट फार दूर गेली होती, आणि लोक त्यांना मान देत होते तो अचूकपणाबद्दल. माणूस एकदा अचूक म्हणून नावाजला, की त्याला स्वतःची चूक उचलायला दुप्पट बळ लागते. त्यांना ते आणता आले नाही. रोज नवी कार्डे मात्र त्या डोळ्यांत तेल घालून तपासत. एकेका तारखेला तीन तीन ग्रंथ उघडत. बघणाऱ्याला ती निष्ठा वाटे. मला ती शिक्षा वाटे.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हा ती मुलगी आली. मुलगी म्हणजे तेहतीस वर्षांची बाई होती, पण तारीखताईंपुढे मुलगीच. औषधाच्या दुकानात नोकरी करत ती हवामान निरीक्षकाच्या पदासाठी परीक्षा देत होती. तिच्या हातात एक वही आणि प्रश्नपत्रिका होती.

"मॅडम, मला एका नोंदीचा आधार हवाय," ती म्हणाली. "एकोणीस ऑक्टोबर. वादळघंटा."

तारीखताईंचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. "कशासाठी हवाय?"

"परीक्षेत प्रश्न होता. घंटा कोणत्या वर्षी बसवली. तीन वर्षं दिली होती आणि चौथा पर्याय 'यांपैकी कोणतेही नाही'. मी चौथा लिहिला. तो चूक धरला. एका गुणाने माझं पद गेलं."

"मग १८६४ का नाही लिहिलंत?" तारीखताईंनी हळूच विचारले. "सगळ्यांना माहीत असतं ते."

"मलाही माहीत होतं. पण परीक्षेसाठी म्हणून मी वादळाच्या जुन्या यंत्रांवर मिळेल ते सगळं वाचलं होतं. बंदरांचे जुने अहवाल पाहिले. ती घंटा कुठेच नाही. जिथे आहे तिथे तुमचं नाव आहे फक्त. म्हणजे तुमच्या पुस्तिकेचं." तिने वही उघडली. पानामागून पाने, कोणत्या ग्रंथात शोधले आणि सापडले नाही याची. "मला खोटं वाटलं ते मी लिहू कशी? पण परीक्षा मंडळ म्हणतं, वर्तमानपत्राने लेखी दिलं तरच प्रश्न रद्द करू. वय संपलंय माझं, मॅडम. पुन्हा बसता येणार नाही. तुमच्याकडे आधार असेल तर दाखवा. मी गप्प घरी जाईन."

तारीखताई उठल्या. माझा ऑक्टोबरचा खण त्यांनी ओढला.  त्यांनी सळईची चकती फिरवली, सळई काढली, कार्ड काढले आणि त्या मुलीच्या हातात दिले. तिने ते वाचले. मग, चौतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी थोरल्या ग्रंथपालांच्या पद्धतीने ते कार्ड उलटे केले.

पाठ कोरी होती.  तारीखताई म्हणाल्या, "मला दोन दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संपादकांना खाली बोलावले. हे संपादक वयाने त्यांच्या धाकट्या भावासारखे. माणूस वाईट नव्हता. वर्तमानपत्राला पंचाहत्तर वर्षे होत होती, आणि त्यानिमित्त निवडक दिनविशेषांचे जाडजूड पुस्तक निघणार होते. मुखपृष्ठावर ती विधवा होती, घंटेची दोरी हातात धरलेली. त्याच समारंभात तारीखताईंचा सत्कार होता.

संपादकांनी सगळे ऐकून घेतले. मग माझ्याच अंगाला टेकून उभे राहिले.

"ताई, मी दुरुस्ती छापतो," ते म्हणाले. "'नजरचुकीने' असं लिहू. मुखपृष्ठ बदलू. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"नजरचूक नव्हती ती," तारीखताई म्हणाल्या. "मी रचलं ते. तसं छापा."

"तसं छापलं तर उद्या प्रत्येक तारखेवर लोक बोट ठेवतील. इतक्या वर्षांचं काम आहे. ते तुमच्या एकटीचं नाही, आम्हा सगळ्यांचं आहे. तुमच्या थोरल्या ग्रंथपालांचं आहे."

हा घाव बरोबर बसला. तारीखताईंनी मान खाली घातली.

"त्या मुलीला 'नजरचुकीने' चालेल का, एवढं विचारून सांगा," त्या म्हणाल्या.

ते चालणार नव्हते. परीक्षा मंडळाने कळवले, की छपाईतली नजरचूक म्हणजे वर्ष चुकले असेल. घटनाच झाली नाही, असे कोणीतरी स्वतःच्या सहीने सांगायला हवे. तेव्हा तारीखताईंनी पेन घेतले आणि कार्डाच्या त्या कोऱ्या पाठीवर लिहिले : 'आधार नाही. ही नोंद मी रचली.' खाली सही केली आणि त्या दिवसाची तारीख घातली. कार्डासोबत दोन पानी पत्र जोडले आणि स्वतः मंडळाच्या कचेरीत नेऊन दिले. संपादकांना त्यांनी जाण्याआधी सांगितले. संपादक एवढेच म्हणाले, "मग सत्कार राहू द्या." त्या म्हणाल्या, "राहूच द्या."

वर्तमानपत्रात सातव्या पानावर तळाला दुरुस्ती आली. तीत 'नजरचुकीने' हाच शब्द होता.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, चला, खरे बाहेर आले, आता सगळे सुरळीत झाले. मलाही तसेच वाटले होते. लाकडाची समज केवढी असणार.

मंडळाने तो प्रश्न रद्द केला, तेव्हा ज्यांनी १८६४ लिहिले होते त्या सगळ्यांचा एक गुण कमी झाला. पदे तीन होती. तिसऱ्या पदावर जो उमेदवार निवडला गेला होता, त्याचे आणि त्या मुलीचे गुण आता सारखे झाले. गुण सारखे असले की वयाने मोठा तो आधी, असा नियम. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. त्याची नेमणूक तिच्या तक्रारीच्या निकालावर अवलंबून ठेवलेली होती. तो चार महिने कामावर जात होता. त्याला घरी पाठवले.

एका दुपारी तो संदर्भविभागात आला. हेल्मेट हातात, दाढी वाढलेली, सव्वीस वर्षांचा. दारातूनच त्याने विचारले, "तारीखताई कोण?"

"मी. बसा ना."

तो बसला नाही. "मला फक्त बघायचं होतं," तो म्हणाला. "तुमची पुस्तिका मी तीन वर्षं पाठ केली. सकाळी दूध टाकायला जाताना म्हणत जायचो. एकोणीस ऑक्टोबर, अठराशे चौसष्ट. चाल लावली होती मी त्याला."

तारीखताई उभ्या राहिल्या होत्या. 

"तिची काही चूक नाही," तो म्हणाला. "तिने खरं लिहिलं. पण माझी काय चूक? मी तुम्ही सांगितलं ते लिहिलं."

"तुमची काही चूक नाही."

"मग मीच घरी का बसलोय?"

 तारीखताई म्हणाल्या, "मी मंडळाकडे जाते. आणखी एक जागा करता येते का विचारते. माझ्यामुळे झालंय, मी सांगते त्यांना."

"जा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. "आई सगळ्यांना सांगून बसलीय, मुलगा वाऱ्याचं माप घेतो म्हणून. आता तिला काय सांगू ते तरी सांगा."

तो गेल्यावर तारीखताई खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिले नव्हते, आई गेली तेव्हासुद्धा.

त्या मंडळाच्या कचेरीत तीनदा गेल्या. पहिल्यांदा त्यांना बाकावर बसवून ठेवले, दुसऱ्यांदा अर्ज मागितला, तिसऱ्यांदा सांगितले की जागा वाढवण्याचा अधिकार मंडळाला नाही. त्यानंतर त्या मुलीचा फोन आला. तिला नेमणुकीचे पत्र मिळाले होते. मला फक्त तारीखताईंचे बोलणे ऐकू आले. "अभिनंदन," त्या म्हणाल्या. मग पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही, तुम्ही तसं मनात आणू नका. ते माझ्याकडे राहू द्या. तुम्ही कामावर जा."

तारीखताई निवृत्त झाल्या त्या दिवशी समारंभ नव्हता. छापखान्यातल्या जुन्या माणसांनी खाली येऊन त्यांना एक पेन दिले. त्यांनी ते घेतले आणि टेबलावरच विसरून गेल्या, की मुद्दाम ठेवून गेल्या, कोण जाणे. महिन्याभरात संदर्भविभागाची खोली जाहिरात विभागाला मिळाली. मला ओढत ओढत इथे पाण्याच्या टाकीजवळ आणून ठेवले. ओढताना माझा एक पाय निखळला, त्याखाली कोणीतरी विटेचा तुकडा सरकवला. आता दिनविशेषाची चौकट वरच्या मजल्यावर संगणकावर भरतात. आधार कोण बघतो मला ठाऊक नाही. मला कोणी उघडत नाही.

म्हणजे एकजण सोडून. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तारीखताई येतात. पहारेकऱ्याने सुरुवातीला अडवले, आता तो स्वतः स्टूल आणून देतो. पिशवीतून त्या दोन-तीन ग्रंथ काढतात, माझा एक खण मांडीवर घेतात, आणि एकेक कार्ड उलटे करून पुन्हा तपासतात, मागच्या बाजूवर लिहिलेले पान खरेच आहे का ते. जानेवारीपासून सुरुवात केली, एप्रिलपर्यंत आल्या आहेत. आतापर्यंत नऊ चुका सापडल्या. साध्या, नकळत झालेल्या. प्रत्येकीचे त्या संपादकांना पत्र लिहितात. तीन छापून आली.

हे काम त्यांना कोणी सांगितलेले नाही, आणि त्याने त्या माणसाची नोकरी परत येणार नाही, हे त्यांना माहीत आहे. माझा खण त्यांच्या मांडीवर असतो तेव्हा मला ते कळते. पूर्वी त्या भराभर लिहीत, तोंडात एखादी तारीख घोळत असे. आता घोळत नाही.

मागच्या शुक्रवारी तो नोकरी गेलेला मुलगा आला. त्याला परीक्षेसाठी अजून दोन संधी आहेत आणि तो पुन्हा अभ्यास करतो आहे. टाकीजवळ उभा राहून त्याने एक कागद पुढे केला. त्यावर नव्या पुस्तिकेतल्या सव्वीस तारखा लिहिलेल्या होत्या.

"यातल्या कोणत्या खऱ्या आहेत?" त्याने विचारले.

तारीखताईंनी कागद घेतला. "मंगळवारपर्यंत सांगते. आधारासकट."

"मी स्वतः बघीन पुस्तकात," तो म्हणाला. "पान फक्त सांगा."

पहारेकऱ्याने चहा आणला होता. त्या मुलाने घेतला नाही. त्याने क्षमा केली असे मी त्याच्या तोंडून ऐकले नाही, आणि तारीखताईंनीही ती मागितली नाही. तो गेला, आणि त्यांनी माझा जूनचा खण दोन्ही हातांनी जोर लावून ओढला, कारण त्याच्या कागदावरची पहिली तारीख जूनमधली होती.

मित्रांनो, मी जुने कपाट आहे, माझ्याकडून मोठा उपदेश होणार नाही. मला पुसले नाही तरी चालेल, माझ्या पायाखाली वीट राहिली तरी चालेल. पण कोणी तुम्हाला एखादी गोष्ट पाठ करायला दिली, तर ती त्याने कुठून घेतली ते विचारा. विचारायची लाज बाळगू नका. आणि चूक तुमच्याच हातून झाली, तर ती त्याच दिवशी सांगून टाका. त्या दिवशी ती फक्त तुमची असते. थांबलात तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जाऊन बसते, आणि तिथून तिला परत बोलावता येत नाही.